जिवंत वजनावरून मांसाचा अंदाज

अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वसलेल्या फर्दापूर येथे पर्यटकांच्या वर्दळीमुळे भोजनालये व ढाबे चालतात. अशा ठिकाणी मांसल कोंबड्यांची, म्हणजेच ब्रॉयलरची, खरेदी जिवंत वजनावर होते. विक्री मात्र मांसाची होते. या दोन वजनांतील तफावत नीट न ओळखल्यास दिवसअखेर नफ्याऐवजी तोटा पदरी पडतो.

दोन किलो वजनाच्या कोंबडीचे उदाहरण घेऊ. कापल्यानंतर रक्ताच्या रूपाने सुमारे ४ टक्के, पिसांच्या रूपाने ५ ते ६ टक्के वजन घटते. डोके, पाय, आतडी व अन्य टाकाऊ भाग वगळल्यावर कातडीसह साधारण ७० ते ७५ टक्के वजन उरते. आपल्याकडे बहुतांश ग्राहक कातडी काढलेले मांस पसंत करतात. तेव्हा हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दोन किलोच्या कोंबडीपासून हाडांसह सुमारे १ किलो ३०० ग्रॅम मांस मिळते. हाडेही काढली तर जिवंत वजनाच्या निम्म्याहून कमीच मांस हाती लागते.

यावरून हिशेब सोपा होतो. समजा, जिवंत कोंबडीचा दर किलोला १०० रुपये आहे. १०० ला ०.६५ ने भागल्यास सोललेल्या मांसाची मूळ किंमत किलोला सुमारे १५४ रुपये पडते. वाहतूक, मजुरी, बर्फ व मरतुक यांचा खर्च त्यावर वेगळा. तसेच १० किलो मांस हवे असल्यास साडेपंधरा किलो जिवंत वजन घ्यावे लागेल.

हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. जात, लिंग, वय व वजन यांनुसार ते बदलते. साधारणतः वजनदार कोंबडीत मांसाचे प्रमाण किंचित अधिक असते. पोट भरलेले असताना वजन केल्यास खाद्याचेही पैसे मोजावे लागतात. म्हणून कापण्यापूर्वी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवतात. पाणी मात्र पकडणीपर्यंत देतात. या काळात वजन काही प्रमाणात घटते. ही घट पालकाने सोसायची की खरेदीदाराने, हा वादाचा विषय ठरतो. त्यामुळे वजन केव्हा करायचे हे व्यवहारापूर्वीच ठरवावे. उन्हाळ्यातील लांबच्या वाहतुकीतही घट वाढते.

सर्वांत विश्वसनीय आकडा आपल्याच दुकानात मिळतो. एकाच गटातील दहा कोंबड्यांचे जिवंत वजन नोंदवावे आणि कापून, पाणी निथळल्यावर मांसाचे वजन करावे. पाणी न निथळता वजन केल्यास आकडा फसवा येतो. मांसाच्या वजनाला जिवंत वजनाने भागून १०० ने गुणले की टक्केवारी मिळते. वजनगटानुसार व ऋतूनुसार ही नोंद ठेवल्यास पुढील खरेदीचा दर ठरविताना अंदाजावर विसंबावे लागत नाही.