व्यावसायिक इंग्रजीचे मध्यम स्तरावरील वाचन

व्यावसायिक इंग्रजीचे मध्यम स्तरावरील वाचन म्हणजे व्यापार, नोकरी, बँकव्यवहार आणि करारमदार यांतील इंग्रजी कागदपत्रे वाचून त्यांतील देणे-घेणे, मुदत, अट आणि जबाबदारी यांचा अचूक बोध करून घेण्याची क्षमता होय. या स्तरावरील वाचकाला बहुतेक सुटे शब्द ओळखीचे असतात. अडचण येते ती लांब वाक्यांच्या रचनेत, परिचित शब्दांच्या वेगळ्या अर्थांत आणि कागदपत्रांच्या ठरीव संकेतांत. त्यामुळे मजकूर समजल्यासारखा वाटतो, पण त्यातून निर्माण होणारे बंधन ध्यानात येत नाही. बंदर, औद्योगिक वसाहती, घाऊक बाजार, माहिती तंत्रज्ञान उद्योग आणि मोठ्या प्रमाणावरील गृहबांधणी एकाच परिसरात असलेल्या नवी मुंबईत या कौशल्याची गरज अनेक थरांतील मराठी भाषकांना भासते.

स्तराची व्याख्या

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक सामाईक संदर्भ चौकटीत भाषाक्षमतेचे ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ असे सहा स्तर मानले आहेत. यांपैकी बी१ व बी२ हे मध्यम स्तर होत. बी१ स्तरावरील वाचकाला दैनंदिन व्यवहारातील किंवा आपल्या कामाशी संबंधित सोप्या भाषेतील मजकूर समजतो. बी२ स्तरावर तो अधिक गुंतागुंतीचा मजकूर वाचून लेखकाची भूमिका ओळखू शकतो.

भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार बाह्य मदतीशिवाय मजकूर समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला माहीत असावे लागतात. या प्रमाणात ३०० शब्दांच्या पत्रात फार तर सहा शब्द अपरिचित असावेत. व्यावसायिक कागदपत्रांना मात्र हा निकष पुरेसा ठरत नाही, कारण चूक बऱ्याचदा माहीत असलेल्या शब्दाच्या अर्थातच होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी वाचकाने इंग्रजी मजकूर मराठीच्या आधाराने वाचावा, ही कल्पना जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या 'दर्पण' या नियतकालिकात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जात असे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये आणि कँडी यांच्या नावाशी निगडित इंग्रजी-मराठी शब्दकोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

राज्यस्थापनेनंतर १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने प्रशासन, न्यायव्यवहार, वाणिज्य इत्यादी क्षेत्रांचे परिभाषा कोश तयार केले. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवली जाई. २००० सालापासून ती पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. शालेय इंग्रजीचा भर मात्र गोष्टी, कविता, निबंध व व्याकरण यांवर असतो. करार, पतपत्र, विमापत्र यांसारख्या मजकुराशी विद्यार्थ्याची पहिली गाठ बहुधा नोकरीत किंवा घरखरेदीच्या वेळीच पडते.

नवी मुंबईतील संदर्भ

नवी मुंबईच्या विकासासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, वाशीचा कृषी उत्पन्न बाजार आणि ऐरोली, घणसोली व महापे येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांमुळे इंग्रजी कागदपत्रांचे वाचन केवळ वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरते राहिलेले नाही. गोदामातील कारकून, वाहतूकदार, सीमाशुल्क दलालाकडील कर्मचारी, फळांचा निर्यातदार आणि सदनिका घेणारे कुटुंब या सर्वांना ते करावे लागते. बंदरातील कंटेनर मुदतीत न उचलल्यास डेमरेज भरावे लागते. अशा वेळी सूचनेतील एका तारखेचा चुकीचा अर्थ थेट खर्चात रूपांतरित होतो.

मराठी वाचकापुढील अडचणी

वाक्यरचना

मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते, पण व्यावसायिक लेखनात कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये अटी, मुदती व अपवाद घातले जातात. उदाहरणार्थ, 'सब्जेक्ट टू रिसीट ऑफ द बॅलन्स अमाउंट, द सप्लायर शॅल, विदिन सेव्हन डेज ऑफ डिस्पॅच, सबमिट द ओरिजिनल डॉक्युमेंट्स टू द बायर' या वाक्याचा गाभा 'द सप्लायर शॅल सबमिट द डॉक्युमेंट्स' एवढाच आहे. उरलेला भाग अट व मुदत सांगतो. मराठीतील जर-तर, जो-तो, जेव्हा-तेव्हा या जोड्या अशा वाक्याची उकल करण्यास उपयोगी पडतात: 'जर उर्वरित रक्कम मिळाली, तर पुरवठादाराने माल रवाना झाल्यापासून सात दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे खरेदीदाराकडे सादर करावीत.' असा अनुवाद केल्यावर कागदपत्रांचे बंधन रक्कम मिळण्यावर अवलंबून आहे, हे स्पष्ट होते.

कर्मणी प्रयोग ही दुसरी अडचण आहे. 'चार्जेस विल बी रिकव्हर्ड' या वाक्यात आकार वसूल होणार हे कळते. तो कोण वसूल करणार आणि कोणाकडून, हे कळत नाही. त्याचे उत्तर मजकुरात अन्यत्र शोधावे लागते.

परिचित शब्दांचे वेगळे अर्थ

व्यवहारात काही नेहमीचे शब्द निराळ्या अर्थाने येतात. 'कन्सिडरेशन' म्हणजे सामान्यतः विचार. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या संदर्भात मात्र त्याचा अर्थ प्रतिफल किंवा मोबदला असा होतो. 'आउटस्टँडिंग' हा शब्द कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनात प्रशंसेचा, तर खातेवहीत थकबाकीचा असतो. बँकेचे 'सँक्शन लेटर' म्हणजे कर्जाचे मंजुरीपत्र, पण आंतरराष्ट्रीय करारातील 'सँक्शन्स क्लॉज' निर्बंधांविषयी असते. भारतीय कार्यालयांत 'रिव्हर्ट' हा शब्द उत्तर देणे या अर्थाने रूढ आहे. इंग्रजीत अन्यत्र त्याचा प्रचलित अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे.

देवनागरीतून किंवा ऐकून शब्द ओळखणाऱ्या वाचकाचा आणखी एक गोंधळ होतो. बिलाच्या तळाशी 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड' याची आद्याक्षरे छापलेली असतात. येथील 'एक्सेप्टेड' म्हणजे 'वगळून'; 'स्वीकारलेले' या अर्थाचा 'ॲक्सेप्टेड' हा शब्द वेगळा आहे. चुका मान्य आहेत असे विक्रेता येथे म्हणत नाही, तर अनवधानाने झालेली चूक दुरुस्त करण्याचा हक्क राखून ठेवतो. मराठी बिलांवरील 'चू. भू. द्या. घ्या.' या संकेताचा आशय याच्या जवळचा आहे.

देणारा आणि घेणारा

करारातील पक्षांची नावे पुष्कळदा एकाच शब्दाला '-ऑर' किंवा '-ई' हे प्रत्यय लावून तयार होतात. 'लेसॉर' म्हणजे भाडेपट्ट्याने देणारा, 'लेसी' म्हणजे घेणारा. 'कन्साइनॉर' माल पाठवणारा, 'कन्साइनी' ज्याच्या नावे माल पाठवला तो. 'मॉर्गेजॉर' या शब्दाबाबत विशेष चूक होते. तारण देणारा कर्जदारच असल्यामुळे 'मॉर्गेजॉर' म्हणजे कर्जदार आणि 'मॉर्गेजी' म्हणजे तारण घेणारी बँक होय. सिडकोच्या जमिनी सामान्यतः दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्या जात असल्याने नवी मुंबईतील मालमत्तेच्या कागदपत्रांत ही नावे वारंवार आढळतात.

बंधन, मुभा आणि अपवाद

शाळेत 'शॅल' हे भविष्यकाळाचे रूप म्हणून शिकवले जाते. करारात ते बहुधा बंधन दर्शवते, तर 'मे' सहसा मुभा देते. मराठी कायद्यांच्या अनुवादातही 'करील', 'असेल' ही रूपे भविष्यकाळाऐवजी बंधनाच्या अर्थाने येतात. अपवाद सांगणाऱ्या शब्दांना कायद्याच्या मराठीत रूढ प्रतिरूपे आहेत: 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'काहीही अंतर्भूत असले तरी', 'विदाउट प्रेज्युडिस टू' म्हणजे 'बाध न येता', 'प्रोव्हायडेड दॅट' म्हणजे 'परंतु, जर'. हे शब्द आधीच्या विधानाला मर्यादा घालतात किंवा त्याच्यावर मात करतात, म्हणून ते वगळून काढलेला अर्थ मूळ अर्थाच्या उलटही असू शकतो.

संख्या आणि तारखा

एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. अमेरिकी पद्धतीत तारखेत महिना आधी लिहितात. ०४/०५ ही तारीख तेथे ५ एप्रिल, तर भारतात ४ मे ठरते. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

कागदपत्रांच्या प्रकारांनुसार वाचन

पतपत्र

लेटर ऑफ क्रेडिट अर्थात पतपत्रांच्या व्यवहारात इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेची यूसीपी ६०० ही नियमावली वापरली जाते. ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्या इंग्रजी नावातील 'कस्टम्स' या शब्दाचा अर्थ सीमाशुल्क नसून प्रथा असा आहे. ही नियमावली अनेक सामान्य शब्दांचे अर्थ निश्चित करते. माल पाठवण्याच्या मुदतीसाठी 'फ्रॉम' वापरल्यास त्यात दिलेला दिवस धरला जातो. रक्कम देय होण्याची तारीख मोजताना त्याच 'फ्रॉम'मुळे तो दिवस वगळला जातो. 'ऑन ऑर अबाउट' म्हणजे दिलेल्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंतचा काळ, दोन्ही टोके धरून. महिन्याची 'बिगिनिंग' १ ते १० तारखेपर्यंत असते. रक्कम, परिमाण किंवा एकक-दर यांआधी 'अबाउट' असल्यास १० टक्के कमी-अधिक चालते. 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली' आणि 'ॲज सून ॲज पॉसिबल' हे शब्द मात्र, कागदपत्रात वापरण्याची आवश्यकता नसल्यास, विचारात घेतले जात नाहीत. शब्दकोशात यांपैकी बहुतेक अर्थ सापडत नाहीत. यावरून संबंधित व्यवहाराची नियमावली जाणणे हा वाचनकौशल्याचाच भाग ठरतो.

विक्रीच्या अटी व बिल ऑफ लेडिंग

याच संस्थेने १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या इन्कोटर्म्सच्या २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत. 'सीआयएफ न्हावा-शेवा' या अटीत विक्रेता न्हावा-शेवापर्यंतचे जहाजभाडे व विमा यांचा खर्च करतो. वाचकाचा स्वाभाविक समज असा होतो की मालाची जोखीमही तेथपर्यंत विक्रेत्याचीच आहे. प्रत्यक्षात माल निर्गमन बंदरात जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते. खर्च कोणाचा आणि जोखीम कोणाची, हे दोन प्रश्न येथे स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

बिल ऑफ लेडिंगवरील 'सेड टू कंटेन' या शब्दांचा अर्थ मालाचे वर्णन माल पाठवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे आहे, असा होतो. कंटेनरमधील माल स्वतः मोजून पाहिल्याची ग्वाही वाहतूक कंपनी त्यातून देत नाही.

सदनिकेचा करार

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत विक्रीकरार केल्याशिवाय प्रवर्तकाला सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. याच कायद्यातील 'कार्पेट एरिया'ची व्याख्या मध्यम स्तरावरील वाचनाचा चांगला नमुना आहे. तिच्यात आधी प्रत्यक्ष वापरायोग्य क्षेत्र सांगितले आहे. त्यानंतर 'एक्सक्लूडिंग' या शब्दाने बाहेरील भिंतींखालील जागा, सेवा-शाफ्टखालील जागा, सदनिकाधारकाच्या वापरातील बाल्कनी व खुली गच्ची वगळली आहे; शेवटी 'इन्क्लूड्स' या शब्दाने अंतर्गत भिंतींची जागा धरली आहे. हे दोन शब्द न हेरता वाचल्यास क्षेत्रफळाचा हिशेब चुकतो.

वाचनपद्धती

व्यावसायिक मजकुराचे वाचन साधारणपणे तीन फेऱ्यांत केले जाते. पहिल्या फेरीत कागदपत्राचा प्रकार, पक्षांची नावे, तारीख व उपशीर्षके पाहून एकंदर स्वरूप लक्षात घेतात. दुसऱ्या फेरीत रक्कम, मुदत, दंड, समाप्ती यांसारखी निश्चित माहिती शोधली जाते. तिसऱ्या फेरीत बंधन निर्माण करणारी वाक्ये संथपणे वाचून प्रत्येकातून कोणी, काय, कोणासाठी, कधीपर्यंत, कोणत्या अटीवर आणि न केल्यास काय, अशी सहा उत्तरे काढली जातात. एखादे उत्तर न मिळाल्यास ते मजकुरातच नाही की वाचनातून निसटले, हे तपासून पाहिले जाते.

करारातील मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द विशेष महत्त्वाचे असतात. अशा शब्दांचा अर्थ करारातील व्याख्यांच्या कलमात दिलेला असतो आणि त्या करारापुरता तोच ग्राह्य धरला जातो.

सरावासाठी केंद्रीय व राज्य अधिनियमांचे इंग्रजी पाठ व त्यांचे मराठी अनुवाद शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरते. सुट्या शब्दांच्या याद्यांपेक्षा 'ड्यू डेट', 'ग्रेस पिरियड', 'नोटीस पिरियड' असे शब्दसमूह वाक्यासह टिपल्यास त्यांचा व्यवहारातील अर्थ पक्का होतो.

मर्यादा

मध्यम स्तरावरील वाचनकौशल्य हे कायदेशीर सल्ल्याला पर्याय नाही. कोणत्या कलमाविषयी सल्ला घ्यावा, हे ओळखता येणे ही त्याची मुख्य उपयुक्तता आहे. यांत्रिक अनुवादामुळे मजकुराचा विषय पटकन कळतो, परंतु 'फ्रॉम' किंवा 'शॅल' यांसारख्या शब्दांचा त्या व्यवहारातील नेमका अर्थ त्यातून उतरेलच असे नाही. तसेच द्विभाषिक करारात दोन पाठांत विसंगती आढळल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जाईल, असे कलम असू शकते. असे कलम असल्यास मराठी पाठ वाचून सही करणारी व्यक्तीही इंग्रजी पाठानेच बांधली जाते.