कोणी दखल घेतली नाही

2020 साली लेनोवोचा लीजन-5 हा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणाऱ्या अनेकांना टचपॅडने रडवले. बोट सरळ फिरायचे आणि पडद्यावरचा बाण अडखळत, उड्या मारत जायचा. टचपॅड धडधाकट होता. त्याचा ड्रायव्हरही जागेवर होता. अखेर एकाने मोजायला घेतले, तेव्हा कळले की टचपॅडकडून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सेकंदाला जेमतेम सात निरोप पोचताहेत. बोटाची हालचाल सलग दिसायची तर शंभराच्या आसपास निरोप लागतात.

हा ‘सात’ आकडा कुठून आला, याचा शोध म्हणजे एका कसबाचा उत्तम नमुना आहे. इंटरप्टचे दोष शोधणाऱ्यांचे हे कसब फारसे कोणाला ठाऊक नसते.

प्रोसेसर दर क्षणाला टचपॅडकडे जाऊन ‘काही आहे का?’ असे विचारत बसत नाही. दोघांमध्ये एक तार असते, प्रोसेसरच्या एका पिनला जोडलेली. एरवी पुल-अप रेझिस्टर ती तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवतो. टचपॅडला काही सांगायचे असले की तो ती खाली, शून्याकडे ओढतो आणि प्रोसेसर येऊन निरोप वाचेपर्यंत ओढून धरतो. दारावरची बेल म्हणा. या बेललाच इंटरप्ट म्हणतात.

पण बेल कधी वाजली असे मानायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. तार खाली आली म्हणजे हाक, की वर गेली म्हणजे? खाली आहे तोवर हाक चालूच समजायची, की खाली येण्याच्या क्षणापुरतीच? रेझिस्टर जोडायचा की नाही? किती वेळ तार स्थिर राहिली म्हणजे हाक खरी? ही उत्तरे मदरबोर्ड बनवणाऱ्याचा फर्मवेअर लिहितो. काही तो चिपच्या रजिस्टरमध्ये भरतो, काही एसीपीआयच्या, म्हणजे हार्डवेअरची माहिती कर्नलला देणाऱ्या, तक्त्यात नोंदवतो. कर्नलला तार दिसत नाही. त्याला दिसतो तो तक्ता, आणि तक्त्यावर त्याला विश्वास ठेवावाच लागतो.

तक्त्यात एक शब्द चुकला तर काय होते, हे त्या शब्दावर अवलंबून असते आणि प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते. मला या विषयाची गोडी लागली ती इथेच. वर-खालीची अदलाबदल झाली, तर तारेची निवांत अवस्थाच हाक ठरते. मग सेकंदाला हजारो इंटरप्ट कोसळतात, एक कोअर त्यातच अडकतो, पंखा घोंघावू लागतो. अशा हाकांना कोणताच ड्रायव्हर ‘ही माझी’ म्हणाला नाही, तर लिनक्स हिशेब ठेवतो: एक लाख हाकांपैकी 99,900 हून जास्त बेवारस निघाल्या की तो ती लाइनच बंद करतो आणि नोंदवहीत लिहितो, ‘नोबडी केअर्ड’. कोणी दखल घेतली नाही. पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा मी थबकलो होतो.

‘खाली आहे तोवर’ऐवजी ‘खाली येण्याच्या क्षणी’ असे लिहिले गेले, तर दोष जास्त लबाड होतो. टचपॅड तासभर नीट चालतो. मग एक क्षण हुकतो. तार खालीच राहते, नवा क्षण कधी येतच नाही आणि टचपॅड मुका होतो. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला की जिवंत. रेझिस्टर जोडायचाच राहून गेला, तर तार अधांतरी राहते आणि नुसता हात जवळ नेला तरी हाका उठू शकतात. झोपलेल्या यंत्राला उठवण्याचा अधिकार नको त्या पिनला मिळाला, तर बॅगेतून काढलेला लॅपटॉप गरम लागतो आणि बॅटरी संपलेली असते.

लीजन-5 चा दोष यातल्या कशातच बसत नव्हता. तो दडला होता शेवटच्या प्रश्नात: किती वेळ तार स्थिर राहिली म्हणजे हाक खरी? कोणतेही बटण दाबले की आतले धातूचे टोक एकदाच टेकत नाही, काही मिलिसेकंद थरथरते. त्या थरथरीला हाक समजू नये म्हणून चिपमध्ये गाळणी असते, डिबाउन्स फिल्टर. तार ठरावीक वेळ स्थिर राहिली तरच हाक पुढे जाते. या लॅपटॉपच्या बायोसने, म्हणजे त्याच फर्मवेअरने, टचपॅडच्या पिनवर तो वेळ 124.8 मिलिसेकंद ठेवला होता. हजाराला 124.8 ने भागा, आठ येतात. दोन निरोपांमधला बाकीचा वेळ धरला की सात.

दोष एकट्या बायोसचा नव्हता, हेही सांगायला हवे. या लॅपटॉपमधल्या एएमडी चिपच्या पिनांसाठीचा लिनक्स ड्रायव्हर इंटरप्टचा प्रकार ठरवतानाच, कोणी न मागता, ही गाळणी चालू करत असे. इतर लॅपटॉपवर बायोसने वेळ शून्य ठेवलेला असल्याने ते कधी जाणवलेच नाही. शिवाय गाळणी बंद करण्याची ड्रायव्हरची पद्धतही चुकलेली होती. 2020 च्या अखेरीस दोन्ही दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या एका दुरुस्तीसोबतच्या छोट्या टिपणात लॅपटॉपची मॉडेले, 124.8 आणि सात हे सगळे नोंदवले आहे. तंत्रलेखन कसे असावे, हे मी तरुण मित्रांना त्या टिपणावरून दाखवतो.

शोध तिथेही थांबला नाही. चिपचे घड्याळ मनगटी घड्याळातल्या क्वार्ट्‌झसारखेच, सेकंदाला 32,768 ठोके देणारे. त्याचे 512 ठोके म्हणजे 15.625 मिलिसेकंद. ड्रायव्हरने मात्र 15.6 धरले होते. गाळणीचा वेळ अशा आठ भागांचा होता, म्हणजे 124.8 हा आकडासुद्धा खरा 125. एवढ्याशा फरकाने बाणाच्या चालीत काही बदलत नव्हते, तरी तोही सुधारला गेला.

या कामाला महागडी हत्यारे लागत नाहीत. लिनक्सच्या ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये ‘इंटरप्ट्स’ नावाची फाइल असते. प्रत्येक कोअरने प्रत्येक लाइनवरच्या किती हाका घेतल्या, याचा तो चालू हिशेब. डीबग फोल्डरमध्ये पिनांची सद्यःस्थिती वाचता येते. एसीपीआयचा तक्ता काढून, उलगडून माणसाला वाचता येईल असा करता येतो. मग तीन गोष्टी शेजारी ठेवायच्या: तक्ता काय म्हणतो, पिन प्रत्यक्षात कशी आहे, आणि मोजणी काय सांगते. विसंगती सापडली की दोष जवळपास हाती आला.

माझ्या भाच्याचा लॅपटॉप असाच अडखळत होता. दुकानदाराने टचपॅड बदलून दिला, पैसे घेतले, आणि नवा टचपॅडही तसाच अडखळू लागला. म्हणून एक विनंती. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल आणि टचपॅड रुसला असेल, तर नवा भाग बसवण्याआधी ती फाइल उघडा. टचपॅडच्या ओळीतल्या आकड्यांची बेरीज लिहून घ्या, दहा सेकंद बोट फिरवत राहा आणि पुन्हा बेरीज लिहा. तक्रार नोंदवताना मॉडेलच्या नावासोबत हे दोन्ही आकडे जरूर द्या.