विश्लेषण : २१४ कोटींवर अडणारे घड्याळ… २०३८ मध्ये संगणकांचा काळ का चुकू शकतो?

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. पुढच्याच सेकंदाला जगातील काही जुनी संगणकीय उपकरणे थेट १९०१ सालात जाऊ शकतात. याचे कारण आहे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या.

ही संख्या येते कुठून?

२ चा ३१ वेळा गुणाकार करून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. संगणक आकडे ० आणि १ या दोनच खुणांत, म्हणजे बिटमध्ये साठवतो. अनेक जुन्या प्रणालींत एका आकड्यासाठी ३२ बिटची जागा असते. त्यातील एक बिट संख्या धन की ऋण हे दाखवतो. उरलेल्या ३१ जागा १ ने भरल्या की नेमकी हीच संख्या तयार होते. यापेक्षा मोठा आकडा त्या जागेत मावत नाही.

गणितात तिचे महत्त्व काय?

ही अविभाज्य संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये हे दाखवून दिले. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेली होती. एखादी संख्या अविभाज्य आहे का, हे तपासायला तिच्या वर्गमुळापर्यंतचे भाजक पाहावे लागतात. येथे ती मर्यादा ४६,३४० आहे. मात्र या संख्येला भाग जायचाच असेल, तर त्या अविभाज्य भाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे ऑयलरने ओळखले. त्यामुळे हजारो भागाकारांचे काम पावणेचारशेंच्या आत आले.

घड्याळाशी संबंध काय?

अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून तारीख ठरवतात. ३२ बिटच्या मोजणीत हे सेकंद २०३८ मध्ये कमाल मर्यादा गाठतील. त्यात आणखी १ मिळवला की चिन्हाचा बिट बदलतो आणि आकडा उणे २,१४,७४,८३,६४८ होतो. संगणक त्याचा अर्थ १३ डिसेंबर १९०१ असा लावतो.

याची चुणूक आधी दिसली का?

तारखेची नाही, पण याच मर्यादेची दिसली. ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याचे व्ह्यूज २०१४ मध्ये या आकड्याजवळ पोहोचले, तेव्हा यूट्यूबने मोजणी ६४ बिटवर नेल्याचे सांगितले.

उपाय आणि धोका कोणता?

६४ बिटचे घड्याळ सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरेल. आजचे बहुतेक स्मार्टफोन ६४ बिटचे आहेत. लिनक्सच्या गाभ्यातही २०२० पर्यंत आवश्यक बदल झाले. खरी चिंता आहे ती कारखान्यातील यंत्रे, मीटर, राउटर अशा वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या उपकरणांची. शिवाय, हिशेब जुन्या पद्धतीने होत असेल तर अडचण २०३८ पर्यंत थांबणारही नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख आजच त्या मर्यादेपलीकडे जाते.