घरातलं जाळं (भाग ७) : बंद पडलेला अ‍ॅक्सेस पॉइंट केबलने जागा करताना

मागच्या भागात आपण फर्मवेअर वेळच्या वेळी का बदलायचं ते पाहिलं. आज त्यातला धोका पाहू. समजा, जुईनगरमधल्या एखाद्या सोसायटीत पावसाळी संध्याकाळी नवं फर्मवेअर चढवणं चालू आहे आणि मध्येच वीज गेली. वीज परत येते, पण जिन्याच्या छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट काही उठत नाही. दिवा लागतो, वायफायचं नाव मात्र दिसत नाही. अशा वेळी अनेक जण तो थेट भंगारात काढतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण त्यातलं बरंचसं यंत्र धडधाकट असतं.

आतल्या फ्लॅश चिपचे भाग पाडलेले असतात. सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. तो वेगळ्या भागात राहतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये सहसा त्याला हात लागत नाही. अर्धवट लिहिलं गेलेलं असतं ते मुख्य फर्मवेअर. बूटलोडरला वायफाय चालवता येत नाही, वेबपान दाखवणंही बहुधा जमत नाही, पण केबलवरून एक फाइल घेण्याइतकं नेटवर्क त्याला कळतं. त्यासाठी तो टीएफटीपी ही फाइल पाठवण्याची साधी पद्धत वापरतो. एमआयटीतल्या कॅरन सॉलिन्स यांनी १९८१ मध्ये या पद्धतीचा मसुदा लिहिला आणि १९९२ मध्ये तो सुधारला. ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. ८ एमबीच्या फाइलला असे १६,३८४ तुकडे लागतात. यात ना नाव विचारलं जातं ना पासवर्ड, म्हणूनच हे काम एका केबलवर, बाहेरच्या इंटरनेटपासून दूर करायचं.

पद्धत कंपनीगणिक बदलते. युबिक्विटीच्या युनिफाय मालिकेतल्या अनेक यंत्रांत रीसेटचं बटण दाबून ठेवूनच वीज द्यायची आणि दिवे आळीपाळीने लुकलुकू लागले की बोट काढायचं. मग यंत्र १९२.१६८.१.२० या पत्त्यावर वाट पाहतं. कॉम्प्युटरला त्याच मालिकेतला दुसरा पत्ता हाताने द्यायचा, त्याचं वायफाय बंद करायचं आणि फाइल ‘बायनरी’ प्रकारात पाठवायची. टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरमध्ये उलट असतं : कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.०.६६ ठेवून फाइल ठरलेल्या नावाने तयार ठेवायची, राउटर ती स्वतः मागून घेतो.

गाडी अडते ती बहुधा साध्या जागी. विंडोजची फायरवॉल वाट अडवते. केबलमधूनच वीज घेणाऱ्या यंत्रात पीओई अडॅप्टरच्या दोन खाचांची अदलाबदल होते; बरोबर जोडणी अशी : कॉम्प्युटर ‘लॅन’ला, अ‍ॅक्सेस पॉइंट ‘पीओई’ला. आणि फाइल गेल्यावर लगेच वीज काढली की सगळं पुन्हा पहिल्यापासून! चिपवर लिहायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ यंत्राला हात लावू नका. शक्य असेल तर कॉम्प्युटर आणि अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर ठेवा.

बूटलोडरच बिघडला असेल तर ही युक्ती चालत नाही. मग यंत्र उघडून सर्किटवरच्या सिरियल पिनांना किंवा थेट चिपला जोडणी करावी लागते. ते काम जाणकाराचंच.

आज एक करा : यंत्राच्या मागच्या चिकटपट्टीवरचं मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती लिहून ठेवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमकी त्याच आवृत्तीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. वायफाय बंद पडल्यावर ती उतरवायला इंटरनेट हाताशी नसेल.