गोळी घरी आली, जबाबदारीही आली

तीव्र रक्तकर्करोग म्हटला की रुग्णालयातील खाट, हाताला लावलेली सलाइन आणि केमोथेरपी हेच चित्र आजवर डोळ्यांपुढे येत असे. २०१७ साली अमेरिकेत मिडोस्टॉरिन या औषधाला मान्यता मिळाली. एफएलटी-३ या जनुकात दोष असलेल्या रुग्णांना ते केमोथेरपीच्या जोडीने दिले जाते. पुढच्याच वर्षी या आजारासाठी गिल्टेरिटिनिब, आयव्होसिडेनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स मान्य झाली. कर्कपेशींच्या नेमक्या मर्मावर घाव घालणारी ही औषधे तोंडाने घ्यावयाची असल्याने उपचाराचा मोठा भाग आता घरी येतो आणि औषधतज्ज्ञाचे, म्हणजेच फार्मासिस्टचे, महत्त्व वाढते.

व्हेनेटोक्लॅक्सचेच उदाहरण घेऊ. पहिल्या तीन दिवसांत त्याची मात्रा सहसा १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशी चढवतात. कर्कपेशी एकदम मेल्या तर रक्तातील पोटॅशियम व यूरिक आम्ल वाढून मूत्रपिंडांवर संकट येते. म्हणून भरपूर पाणी आणि वारंवार रक्ततपासणी आवश्यक असते. बुरशीचा संसर्ग टाळण्यासाठी पोसाकोनाझोल सुरू असेल, तर हीच ४०० मिलिग्रॅमची मात्रा ७० वर आणावी लागते, कारण त्या औषधामुळे यकृतातील विघटन मंदावते. उलट क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरील फेनिटोइन या गोळीचा प्रभाव घटवतात. ग्रेपफ्रूटसारखे फळही वर्ज्य असते. म्हणून घरातील प्रत्येक गोळी, काढा आणि चूर्ण फार्मासिस्टला दाखवावे.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. व्हेनेटोक्लॅक्स जेवणासोबत व पाण्याबरोबर घ्यावयाचे असते, तर मिडोस्टॉरिन सुमारे बारा तासांच्या अंतराने, दोन्ही वेळा अन्नासह. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्या रुग्णाला हिवाळ्यातील आखूड दिवसात हे अंतर साधणे कठीण जाते. उपवासात तर अधिकच. शिवाय मिडोस्टॉरिनच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. अशा वेळी संकोचाने गप्प राहणे अथवा परस्पर मात्रा चुकवणे, दोन्ही घातक. व्रतनियमांविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे. परंतु आपली अडचण आधी डॉक्टर व फार्मासिस्टपुढे मोकळेपणाने मांडावी. ते वेळापत्रक आखून देतील, शक्य असल्यास पर्यायही सुचवतील.

गिल्टेरिटिनिब किंवा आयव्होसिडेनिब सुरू असताना ताप, धाप, सूज किंवा अचानक वजनवाढ दिसली, तर तो साधा अशक्तपणा समजू नये. हा औषधामुळे उद्भवणारा गंभीर विकार असू शकतो आणि वेळीच स्टेरॉइड दिल्यास तो आटोक्यात येतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाशी संपर्क साधावा.

गोळ्यांची वही ठेवावी, चुकलेली मात्रा नोंदवावी आणि प्रत्येक भेटीस ती वही सोबत न्यावी. गोळी लहान असली, तरी तिच्या वेळेचे आणि मात्रेचे भान हाच उपचाराचा अर्धा भाग आहे.