बडोद्याच्या गच्चीवर टोमॅटो: बादलीच पाजते पाणी! 🍅

बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की टोमॅटोची फुलं गळतात. म्हणून रोपं ऑक्टोबरात लावा, हिवाळाभर टोमॅटो तोडा.

🪣 २० लिटरच्या दोन बादल्या एकात एक ठेवा. मध्ये उपडा डबा, म्हणजे खाली पाण्याला जागा.
🧵 वरच्या बादलीच्या बुडातून नायलॉनची जाड वात पाण्यात सोडा.
🌱 माती नको. कोकोपीट आणि गांडूळखत भरा. पहिलं पाणी वरूनच द्या.
💧 बाहेरच्या बादलीला, वरच्या बुडाच्या जरा खाली भोक पाडा. जादा पाणी निघून जातं, मुळं कुजत नाहीत.
🦟 खाली पाणी भरायला कडेने एक नळी सोडा; तिला आणि भोकाला बारीक जाळी लावा, डास होणार नाहीत.

ओल एकसारखी राहिली की फळाला कॅल्शियम नीट पोचतं, बूड काळं पडणं कमी होतं. मिरची, वांगी, पालकही असेच लावा.