कोसंबी कुठल्या गावचे?

गेल्या महिन्यात माढा स्टेशनवर एका विद्यार्थिनीला सोडायला गेलो होतो. तालुक्यातलीच पोरगी, बाप कोरडवाहू शेतकरी. ज्वारीच्या गुणसूत्रांवर संगणकाने काम करून तिने पीएच.डी. केली, चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि शेवटी एका कायम जागेची मुलाखत आली. तिथं तिला विचारलं, “तुम्ही नक्की कशाच्या? वनस्पतिशास्त्राच्या की कॉम्प्युटरच्या?” जाहिरात वनस्पतिशास्त्राची, पदवी जैवमाहितीशास्त्राची. ‘विषय समकक्ष नाही’ असा शेरा पडला आणि अर्ज बाजूला गेला. पुढं परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. तिथं कुणी समकक्षतेचा दाखला मागितला नाही.

गाडी हलल्यावर फलाटावरच्या बाकावर बसलो आणि आठवलं, २९ जून जवळ आलाय. दामोदर धर्मानंद कोसंबींचा स्मृतिदिन. आपल्याकडं त्यांचं नाव निघतं ते इतिहासकार म्हणून. फार तर नाण्यांचं वजन करणारे, पालखीच्या वाटेवर अश्मयुगीन गारगोट्या शोधणारे म्हणून. माझं त्यांच्याशी नातं निराळं आहे. माझी सगळी नोकरी त्यांच्या चार पानांवर चालली.

कोसंबी मूळचे गोव्यातल्या कोसबेंचे, जन्म १९०७चा. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे पंडित, त्यांच्याबरोबर पोरगा अमेरिकेत गेला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतला. बनारस, अलीगढ असं करत १९३३ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आला. त्याच दशकात, माढ्याहून सोलापूरकडं जाताना लागणाऱ्या मोहोळच्या संशोधन केंद्रात कुणीतरी मालदांडी ज्वारीतून निवड करत होतं. तिचंच पुढं ‘मालदांडी ३५-१’ झालं. आमच्या भागातल्या दोन पिढ्या त्या शाळूवर वाढल्या. पुण्यातल्या गणिताच्या मास्तराचा मोहोळच्या कणसाशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

संबंध जोडला तो १९४३-४४ साली, ऐन महायुद्धात. कोसंबींकडं ना माश्यांच्या बाटल्या, ना मक्याचं शेत. तरी त्यांनी ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात चार पानांचा निबंध लिहिला. प्रश्न असा: एका गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर मोजायचं कसं?

बांधाकडेने विहिरीपासून लिंबापर्यंत चरत जाणारा बैल घ्या. वाटेत तो एकदा बांध ओलांडून पलीकडं गेला तर लिंबाजवळ तो पलीकडल्या अंगाला दिसेल. दोनदा ओलांडला तर पुन्हा अलीकडंच दिसेल आणि बघणारा म्हणेल, याने बांध ओलांडलाच नाही. गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते तेव्हा हेच घडतं. दोन खुणांमध्ये ती दोनदा झाली तर संततीत तिचा मागमूस राहत नाही, आणि मोजलेली टक्केवारी खऱ्या अंतराहून कमी भरते. १९१९ साली जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी ही तूट भरून काढणारं सूत्र दिलं. पण त्यांचा बैल मनाला येईल तिथं, मनाला येईल तितक्यांदा बांध ओलांडतो. खऱ्या बैलाने एकदा ओलांडला की तो लगेच पुन्हा ओलांडायला कंटाळतो. कोसंबींनी तो कंटाळा सूत्रात आणला: खुणा अगदी जवळ असतील तर दुसरी अदलाबदल जवळजवळ नाहीच, खुणा दूर जातील तसतशी आडकाठी कमी. वीस टक्के अदलाबदल दिसली तर हाल्डेन यांच्या हिशोबाने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या हिशोबाने २१.२. जगभर भात, गहू, उंदीर, माणूस, कुणाचाही जनुकीय नकाशा काढायचा तर आजही बहुतेकदा या दोनांतलंच एक सूत्र निवडलं जातं.

त्यापुढची पंचेचाळीसेक वर्षं मी भराभरा ओलांडतो, कारण त्यांत मला रस नाही आणि मी तिथं नव्हतोही. फर्ग्युसन सुटलं, होमी भाभांच्या टाटा संस्थेत गेले, डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करत राहिले. १९५९ साली गणितातल्या रीमानच्या गृहीतकाची सिद्धता म्हणून एक निबंध त्यांनी चक्क कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला. ती सिद्धता चुकीची होती. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढं चालवला नाही. १९६४पासून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ म्हणून बसायचे, आणि १९६६ साली, वयाच्या ५८व्या वर्षी झोपेतच गेले. पुढं हार्वर्डमध्ये संगणकावर उत्क्रांतीची गणितं मांडून माधव गाडगीळ १९७१ साली परतले. १९८७च्या सुमारास पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचं केंद्र निघालं, अशोक कोळस्करांनी ते उभं केलं आणि हा विषय आपल्याकडं पाटीवर आला. मोहोळच्या पुढं ती पाटी कुणाला वाचता येत नव्हती, एवढंच.

मला सांगायचंय ते १९९१ ते २००१ या दशकाचं.

मी एका कृषी विद्यापीठात पीएच.डी.ला होतो, नाव घेत नाही. काम शाळूवर. पहाटे कणसाच्या फुलोऱ्यातले परागकोश चिमट्याने खुडायचे, दुसऱ्या कणसाचे पराग झाडायचे, वर कागदी पिशवी बांधायची. दिवसभर अंगाला पराग चिकटलेले. दुपारी जेलवरच्या रेघा बघून वहीत एक-शून्य, एक-शून्य लिहीत जायचं. आणि रात्री संगणकाची खोली. दारावर पाटी होती: ‘चपला बाहेर काढाव्यात’. विभागातली ती एकच वातानुकूलित खोली, त्यामुळं उन्हाळ्यात ज्यांचा संगणकाशी काडीचा संबंध नाही असे लोकही तिथं चपला काढून बसलेले असायचे. अमेरिकेहून कुणीतरी आणलेल्या फ्लॉपीवर ‘मॅपमेकर’ नावाची प्रणाली होती. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. एकदा नकाशा जुळवायला लावला आणि पहाटे तीनला लाइट गेली, यूपीएसने दहा मिनिटं दम धरला आणि सगळं पुसलं. त्या रात्री मी हिरव्या आलेखकागदावर, लॉगच्या कोष्टकावरून, पेन्सिलने तोच हिशोब हाताने केला. सूत्र आत कसं चालतं ते मला त्या रात्री कळलं. वीज असती तर कदाचित कधीच कळलं नसतं.

मार्गदर्शक म्हणायचे, “तू कणसं मोजायला आलायस की गेम खेळायला?” सांख्यिकी विभागात गेलो तर तिथले सर म्हणाले, “हे शेतीचं काम, आमच्यात बसत नाही.” दोन विभागांच्या मध्ये एक व्हरांडा होता. मी तीन वर्षं त्या व्हरांड्यात काढली असं म्हटलं तरी चालेल. बढतीच्या वेळी हेच नडलं. संगणकावर केलेलं काम हे ‘प्रक्षेत्रावरचं काम’ नव्हे, असं लेखी उत्तर आलं. तो कागद अजून माझ्याकडं आहे. बायको रद्दी काढते तेव्हा तो मी बाजूला ठेवतो.

मौखिक परीक्षा मात्र विसरता येत नाही. बाहेरून आलेले परीक्षक माझा नकाशा बघत म्हणाले, “हे कोसंबी म्हणजे जपानी शास्त्रज्ञ ना?” आमच्या मार्गदर्शकांनी मान डोलावली. मी म्हणालो, “सर, फर्ग्युसनला शिकवायचे. गोव्याचे.” खोलीत क्षणभर शांतता. मग कुणीतरी म्हणालं, “चहा सांगा.”

त्या दशकात सुट्टीला गावी येताना कुर्डुवाडीला उतरलो की शेजारी नॅरोगेज उभी असायची. बार्शी लाइटचा तो इवलासा डबा आणि शेजारी पुणे-सोलापूरची मोठी गाडी. एका फलाटावरून दुसऱ्यावर सामान डोक्यावर घेऊन जाणं, हेच माझ्या विषयाचंही चित्र होतं. पण दशक संपता संपता वारं बदललं. २००१ साली मानवी जनुकसंचाचा मसुदा छापून आला आणि रातोरात सगळ्यांना ‘बायोइन्फर्मेटिक्स’ हवं झालं. ज्यांनी मला गेम खेळू नको म्हणून सांगितलं होतं, त्यांनी त्याच शब्दाच्या परिसंवादाचे फलक लावले. मला बोलावलं नाही.

२००९ साली ज्वारीचा अख्खा जनुकसंच ‘नेचर’मध्ये आला. दहा गुणसूत्रं, सुमारे ७३ कोटी अक्षरं. ती बातमी वाचली तेव्हा मी माढ्यातच होतो. खिडकीतून बघितलं तर समोर ऊस. उजनीचं पाणी आलं, सीना-माढा उपसा आली, आणि ज्या रानात संक्रांतीच्या आधी हुरडा भाजायचो तिथं आता तोडणीच्या टोळ्या उतरतात. कडबा विकत आणावा लागतो. शाळूचं प्रत्येक अक्षर वाचता यायला लागलं तेव्हा शाळू पेरणारं रान आमच्याकडं उरलं नव्हतं. पाण्याला मी दोष देत नाही. ज्याने टँकरपुढं घागर धरली आहे तो देणारही नाही. पण खंत राहते.

आता नवी पोरं एक बटण दाबतात, नकाशा रंगीत होऊन बाहेर पडतो. त्यांना विचारलं, कोणतं सूत्र वापरलंस? तर म्हणतात, जे आपोआप येतं ते. बैल किती वेळा बांध ओलांडतो हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. वर, २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढून टाकली. धड्याचं नाव होतं ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’. आता नुसती आनुवंशिकता. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं, पुस्तक बदललं नाही. आजोबा शिकवायचे, पण आजोबा कुठून आले ते विचारायचं नाही, असा हा प्रकार.

दुसऱ्यांचे हिशोब चुकते करताना एक कबुलीही द्यायला हवी. पुढं मीही निवड समितीच्या खुर्चीवर बसलो. बिंदुनामावली, शासन निर्णय, समकक्षता, सगळं समोर. दोनदा अशाच व्हरांड्यातल्या उमेदवारांच्या अर्जावर ‘विषय समकक्ष नाही’ लिहिलं गेलं आणि खाली माझी सही आहे. नियम तसाच होता. माझ्या बढतीच्या कागदावर सही करणाऱ्यानेही स्वतःला हेच सांगितलं असणार.

परवा त्या पोरीचा मेसेज आला. पहिला आठवडा, नवी प्रयोगशाळा. “सर, इथल्या प्रणालीत न सांगता हाल्डेन लागतो. मी बदलून कोसंबी केलं.” मी अंगठा पाठवला. थोड्या वेळाने पुन्हा आला: “शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, कोसंबी कोण? जपानी का?”

मी विचारलं, “काय सांगितलंस?”

“म्हटलं, गोव्याचे. मुंबईत नोकरी गेली.”